एका झटक्याची मोटार

धाकू शेलारनं मोटारीचं टोपण काढलं, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "मिस्त्री, पुढं जाऊन जरा दोरखंड धरता का? नाव हलतीया."

नाव काडीइतकीही हलत नव्हती. डिसेंबरची सकाळ होती, धरणाच्या फुगवट्यावर धुकं बसलं होतं आणि पाणी निपचित पडलं होतं. तरी मी पुढे जाऊन दोरखंड धरला आणि मान वळवून बघत राहिलो. धाकूची पाठ बघायला मी कराडहून आलो नव्हतो.

तो मोटारीवर ओणवा झाला. उजव्या हातात दोरीची मूठ घेऊन त्यानं झटका दिला. मोटार नुसती फुरफुरली. दुसरा झटका, तिसरा. चौथ्याला ती ठसकली, पाचव्याला धरली आणि निळा धूर धुक्यात मिसळला. धाकूनं लगबगीनं टोपण बसवलं आणि डावा तळहात धोतराला पुसला.

"थंडीत रुसती," तो हसून म्हणाला. "माझ्याबिगर कुनाचं ऐकत न्हाय."

दोरी ओढली उजव्या हातानं आणि पुसला डावा, हे मी मनात टिपून ठेवलं.

पस्तीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मुंबईच्या गोदीत दोन वर्षं नावांच्या मोटारी उघडून परत आलो होतो आणि आमच्या भागात ती विद्या दुसऱ्या कुणाला येत नव्हती. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा माझा रुबाब होता. लोक मला जयवंत लोहार म्हणायचे सोडून मिस्त्री म्हणायला लागले होते आणि ते मला फार आवडायचं.

खिरवंडीचा रस्ता धरणात गेला होता. गावाला बाहेरचं जग म्हणजे एक नाव आणि तिच्या मागे लावलेली पंधरा घोड्यांची जुनी मोटार. पलीकडच्या काठावर आठची एस.टी. मिळाली तर मिळाली. गेले दोन हिवाळे मोटार गार पडली की कुणाच्या बापाला चालू होत नव्हती. तरणे गडी दोरी ओढून ओढून खांदे धरून बसायचे. मग धाकू यायचा, सगळ्यांना कसल्यातरी कामाला लावायचा, पाठ करून उभा राहायचा आणि पाच-सहा झटक्यांत मोटार चालू. एकदा तापली की मग दिवसभर कुणाचंही ऐकायची, पण दिवसभर धाकू नावेवरच असायचा. कार्तिकात त्याला ताप आला तेव्हा तीन दिवस नाव काठाला पडून राहिली. नाव समितीचे चेअरमन आबा ढेबे यांनी तेव्हाच मला निरोप धाडला.

"मोटार अशी करा मिस्त्री, की शेंबडं पोरगंबी चालू करील," आबांनी आल्या आल्या सांगितलं. "मग धाकूला बसवतो घरी. आमचा भाचा किसन मोकळाच हाय, त्यो चालवील नाव."

म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. मला त्याचं काही नव्हतं. मोटार नीट झाली की धाकूची नाव जाणार, हे मला पाना हातात घ्यायच्या आधीपासून ठाऊक होतं. धाकूलाही ठाऊक होतं. गावात कुणापासून काही लपलेलं नव्हतं.

त्या गावाचा एक नियम होता. नावेला कुलूप नाही. पूर्वी नाव साखळीनं बांधून किल्ली नावाड्याच्या घरी असायची. एका पावसाळ्यात आबांच्या थोरल्या भावाला साप चावला, नावाडी पलीकडे लग्नाला गेलेला, आणि माणूस काठावर साखळीकडे बघत बघत गेला. तेव्हापासून नाव, मोटार, पेट्रोलची टाकी, तिचा पाइप, सगळं काठाला उघडं राहायचं. नावेचं काहीही कुणाच्या घरात जायचं नाही. धाकूनंच मला हे सांगितलं. सांगताना त्यानं मान खाली घातली होती.

पहिली फेरी करून आल्यावर तो मला जेवायला घरी घेऊन गेला. त्याची बायको सगुणा चुलीपुढे बसली होती आणि एका हातानं भाकरी थापत होती. डावा हात पदराखाली लुळा पडलेला. उजव्या हाताच्या बोटांनी ती भाकरी अशी काही फिरवत होती की मी बघतच राहिलो.

"दोन वर्सांमागं झटका आला," धाकू म्हणाला. "डावं अंग गेलं. त्या आदी नावंवर माझ्या जोडीला हीच असायची. म्या मानसं घ्यायचो, ही मोटार हाकायची."

सगुणाकाकीनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि विचारलं, "तुमी वाघळीकडचं का, भाऊ?"

"नाही काकी, कराडचा."

"मला वाघळीला जायाचंय. माझं म्हायार हाय. ह्ये न्येतच न्हाईत."

"वाघळी पान्याखाली गेली, सगुना," धाकू हळूच म्हणाला. रोज सांगायच्या गोष्टी जशा सांगतात तसं.

"पान्याखाली कशी जाईल? माझी आई हाय तितं."

मी समजलो. झटक्यानं बाईचं डोकंही थोडं गेलेलं. मला गंमत करायची सवय होती. मी म्हणालो, "काळजी करू नका काकी. मोटार नीट झाली की तुम्हीच घेऊन जा नाव माहेरला."

ती हसली. धाकूचा घास तोंडात तसाच राहिला.

दुपारी जांभळीच्या सावलीत मी मोटार उघडली. आजाराचं मूळ शोधायची माझी एक रीत होती आणि ती मी आजही सोडलेली नाही. आधी पेट्रोल बघितलं. पाणी नाही, घाण नाही. पाइपमधला रबरी फुगा दाबला, तो टणक झाला. प्लग काढून दोरी ओढली, ठिणगी चांगली निळी पडली. प्लगच्या भोकावर अंगठा धरून पुन्हा ओढली, दाबानं अंगठा उडाला. मोटार ठणठणीत होती. राहिला चोक. गार मोटारीला सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, त्यासाठी कार्बोरेटरच्या तोंडावर एक पत्री असते. बाहेरचं बटण ओढलं की ती तोंड झाकते.

पत्री नव्हतीच. तुटलेली नव्हती, काढलेली होती. स्क्रूच्या भोकांत कुणीतरी काळजीनं ग्रीस भरून ठेवलं होतं, गंज चढू नये म्हणून. बटणाच्या जागी लाकडाची गुळगुळीत खुंटी मारली होती. मग मला तो डावा हात कळला. धाकू टोपण काढायचा, डावा तळहात कार्बोरेटरच्या तोंडावर दाबून धरायचा आणि उजव्यानं दोरी ओढायचा. त्याचा तळहातच चोक होता.

चोर सापडला की होतो तसा आनंद मला झाला. म्हाताऱ्यानं आपली भाकरी पक्की करून ठेवली होती. मोटार लंगडी केली आणि कुबडी आपल्या हातात ठेवली. मी पत्र्याचा तुकडा कापून नवी पत्री घडवायला बसलो.

तेवढ्यात तो आला. पत्री बघून खाली बसला.

"मिस्त्री, ती बसवू नगा."

"का?"

"घरची गोष्ट हाय."

"घरची गोष्ट घरात ठेवा, मामा. नाव गावाची आहे."

"थंडीपुरतं तरी ऱ्हाऊ द्या. म्या कुनाचं वाईट करत न्हाय."

"मग सांगा ना सरळ, का काढलीत?"

मग त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. माझ्या बापापेक्षा वयानं मोठा माणूस. मला त्याची दया यायला हवी होती. खरं सांगतो, मला मजा आली. माझ्या पायाला तोवर कुणी हात लावला नव्हता.

पत्री मी स्क्रूनं बसवली नाही. रिबीट ठोकून बसवली, म्हणजे धाकूला ती पुन्हा काढता येऊ नये. खुंटी उपटून तिथे नवं बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिल्या फेरीची माणसं काठावर जमली होती. बाजारला निघालेल्या बायका, दोन मास्तर, आबा, भाचा किसन. रात्रभर मोटार दवात गारठलेली. मला याहून चांगला फड मिळाला नसता.

"मंडळी," मी नावेत उभा राहून म्हणालो, "तुमच्या गावात नावेला कुलूप नाही म्हणतात. खोटं आहे. ह्या धाकूमामानं मोटारीच्या पोटात कुलूप घातलंय. दोन वर्षं तुम्हाला नाचवलंय. किल्ली बघायचीय?"

मी खाली उतरून धाकूचा डावा हात मनगटाला धरला आणि वर केला. तळहात पेट्रोलनं पांढरा पडून चिरला होता. "वास घ्या, आबा."

आबांनी वाकून वास घेतला. त्यांचा चेहरा बदलला. त्यांना भाऊ आठवला असणार.

"धाकू, खरं हाय ह्ये?"

"व्हय," धाकू म्हणाला.

"साप चावल्याला मानूस काठावर तडफडून मेला, त्ये इसरलास?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी थुंकलं. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण हात दाखवायची खाज सुटली होती, आणि गर्दीच्या कडेला सगुणाकाकी नवऱ्याच्या भाकरीचं फडकं घेऊन उभी होती.

"आता ही मोटार कोण चालू करील?" मी म्हणालो. "किसन नको. तो पैलवान आहे, श्रेय मोटारीला मिळायचं नाही. काकी, तुम्ही या."

"तिला नगं, मिस्त्री," धाकू म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तिला सोडून कुनालाबी बोलवा."

"का? बायकोनं चालू केली तर मिशी खाली होईल?"

लोक हसले. आबासुद्धा हसले. काकीनं फडकं खाली ठेवलं आणि एखादी पोर जत्रेतल्या पाळण्याकडे जाते तशी ती नावेत आली. मी तिला दाखवलं. हे बटण असं बाहेर ओढायचं. मग त्याच हातानं दोरी. दुसरा हात लागतच नाही.

तिनं बटण ओढलं. मग मूठ धरून झटका दिला.

एकच झटका. मोटार धडधडायला लागली.

काठावर टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला. काकीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी माझ्या कामाची पावती समजलो. तिनं माझा दंड धरून विचारलं, "आता जाऊ?"

पुन्हा सगळे हसले.

"आज नको काकी, आज गर्दी आहे," मी म्हणालो. "उद्या जा."

आबांनी तिथल्या तिथे निकाल दिला. नाव किसनकडे, आणि धाकूनं नावेवर पाय ठेवायचा नाही. धाकूनं बायकोचा हात धरला आणि तो घराकडे चालायला लागला. भाकरीचं फडकं काठावरच राहिलं.

संध्याकाळी आम्ही आबांच्या अंगणात बसलो होतो. किसनला शिकवायला मी आणखी एक दिवस थांबणार होतो. धाकू आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"आबा, येक मागनं हाय. रातच्यापुरता प्येट्रोलचा पाइप घरी न्येऊ द्या. दिस उगवायच्या आदी आनून लावतो."

"नावंचं काय बी घरात जात न्हाय. तुला मी सांगाय पायजे?"

"कुलूप गेलं, आता साखळी हवीय त्यांना," मी म्हणालो. किसन फिदीफिदी हसला.

"आबा, सगुनाचं जरा..."

"बायकूला मधी आनू नगंस, धाकू. लाज असंल तर जा."

तो गेला. त्याला वाक्य पुरं करू द्यायला किती वेळ लागला असता? विडी पेटवायला लागतो तेवढाही नाही. पस्तीस वर्षं मी हाच हिशेब घालतो आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे थंडी मरणाची होती. मी आबांच्या पडवीत घोंगडीत गुरफटून जागाच होतो. फटफटायला लागलं होतं. तेवढ्यात खाली काठावरून आवाज आला. एक झटका, आणि मोटार धरली. मी घोंगडीतच हसलो. इतक्या गारठ्यात, पहिल्या झटक्यात. गिअर पडल्याचा खट्ट आवाज आला आणि मोटारीची धडधड पाण्यावरून लांब जायला लागली.

आबा चुलीपाशी चहा घेत होते. मी त्यांना हाक मारून म्हणालो, "ऐकलंत, आबा? एका झटक्यात. भाचा तयार झाला तुमचा. नाव घेऊन गेलासुद्धा."

"कुठं ग्येला म्या?" किसन म्हणाला. तो परसातून आत येत होता. तोंडात राखुंडी, खांद्यावर टॉवेल.

आम्ही तिघं काठाकडे धावलो. मोटारीचा आवाज अजून येत होता.

काठावर गेलो तेव्हा धाकू गुडघाभर पाण्यात उभा होता. तो हाका मारत नव्हता. धुक्यात काही दिसत नव्हतं, नुसता आवाज होता, आणि मग तोही थांबला. एकदम नाही. आधी मोटार हळू केली, मग बंद केली. नाव लावताना जाणता माणूस करतो तसं. गिअर टाकायला आणि मोटार बंद करायला सगुणाकाकीला कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त चालू करणं अडलं होतं, ते मी शिकवलं होतं.

गावात दुसरी नाव नव्हती. पलीकडून जंगल खात्याची लाँच यायला दहा वाजले. नाव सापडली ती वाघळीच्या जागेवर, जिथे उन्हाळ्यात देवळाचं शिखर वर येतं तिथे. नावेत कुणी नव्हतं. तिच्या चपला मात्र होत्या. शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या, घरात शिरताना काढतो तशा. ती दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली.

आता आधी पुढचं सांगतो, मग राहिलेलं. गावात कुणीही मला बोल लावला नाही. वेडी बाई होती, गेली, असं सगळ्यांचं ठरलं. पण काठावरची ती सकाळ लोक विसरले नाहीत. फुगवट्याच्या दोन्ही अंगांना बातमी झाली की कराडच्या जयवंत मिस्त्रीनं मोटार अशी केली, की लुळ्या बाईनंसुद्धा एका झटक्यात चालू केली. गावोगावच्या नाव समित्या माझ्याकडे यायला लागल्या. "ती एका झटक्याची मोटार, तसली करून द्या," म्हणायचे. पुढे त्या बाईचं काय झालं हे त्यांना ठाऊक नसायचं, आणि मी कधी सांगितलं नाही. माझं घर त्या झटक्यावर उभं राहिलं.

मी निघालो त्या सकाळी पलीकडच्या एस.टी. थांब्यावर धाकू माझ्याशेजारी येऊन बसला. मग कोपरीच्या खिशातून त्यानं एक छोटी पितळी पत्री काढली आणि माझ्या हातावर ठेवली. तेल लावून फडक्यात जपलेली.

"कंपनीची हाय," तो म्हणाला. "तुमच्या कामाला यील."

"मामा, मला सांगायचं होतंत."

"सांगाय आल्तो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "झटका आल्यापासनं ती रोज पहाटं उठून नावंकडं जायाची. आडवलं की ऊर बडवायची, भिताडावर डोकं आपटायची. मंग म्या पत्री काढली. दोन हात असल्याबिगर मोटार चालू हुईना. ती आपली दोरी वढायची. धा बारा डाव वढायची, दमायची, आन् घरी यायची. म्हनायची, आज मोटार रुसली, उद्या जाईन. तेवढ्यावर तिचा दिस निभायचा."

"आणि परवा?"

"दारात आडवा निजल्यालो. सारी रात जागा हुतो. पहाटं येवढासा डोळा लागला."

एस.टी.चा आवाज घाटातून यायला लागला. मी पिशवी उचलली. मला तिथून पळायचं होतं. त्यानं माझी बाही धरली.

"मिस्त्री, येक इचारू? तुमी जागं हुता म्हनं तवा."

"हो."

"किती झटकं मारलं तिनं?"

मला खोटं बोलावंसं वाटलं, पण काय खोटं बोललो तर त्याला बरं वाटेल, ते कळेना.

"एक," मी म्हणालो. "एकच."

त्यानं मान हलवली आणि माझी बाही सोडली.

"मंग बरं झालं," तो म्हणाला. "वढून वढून खांदा लई दुखायचा तिचा."